मुराळी निघाला, गाडी चढंना

माझ्या मेव्हणीला भाऊ नाही. तसा माझ्या बायकोलाही नव्हता, सख्ख्याच बहिणी त्या. सासू-सासरे गेले आणि धाकटीचं माहेर म्हणजे आमचंच घर झालं. पंचमी-दिवाळीला बाईला सासरहून माहेरी आणायला तिचा भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. भाऊच नाही म्हटल्यावर ते काम माझ्याकडं आलं. लोकांचे दाजी टॉवेल-टोपी घेऊन मिरवतात. मी दाजी असून पिशोरला तिच्या सासरी जायचो, मेव्हणीला गाडीत बसवायचो, तिची शेंगांची पिशवी, मक्याची कणसं, लोणच्याची बरणी डिक्कीत घालायचो आणि संभाजीनगरला आणून सोडायचो. बायको म्हणायची, "तुम्हाला मान नको, नुसतं स्टेअरिंग द्या." खोटं नव्हतं.

शाळा माझी चौथीपर्यंत. पुढं मास्तर आणि मी दोघांनी मिळून ठरवलं की आता एकमेकांना त्रास द्यायचा नाही. मग जन्मभर एका सरकारी खात्याची जीप चालवली. रिटायर झाल्यावर जुनी डिझेल कार घेतली. आणि कोणाच्या लग्नात, कोणाच्या तेराव्याला, पंगतीत बसलो की एक वाक्य माझ्या तोंडून हमखास निघायचं : "माझ्या हाताखाली गाडी घाटात कधी थांबली नाही." लोक वरण वाढून घेत ऐकायचे. मेव्हणीनं तर ते इतक्यांदा ऐकलं होतं की मी "माझ्या हाताखाली" एवढं म्हणालो की उरलेलं तीच म्हणून टाकायची.

बायको मागच्या वर्षी उन्हाळ्यात गेली. ताप काय आला, दवाखाना काय झाला, त्याबद्दल मी लिहिणार नाही. लिहिता येत नाही. पहिलं वर्ष घरात सण नव्हता. यंदा पंचमी जवळ आली तसा मेव्हणीचा फोन आला.

"दाजी, येताय ना न्यायला? का आता बंद?"

"बंद कामून? मी मेलोय का?"

"तसं नाय. ताई नाय म्हणून इचारलं."

"पंचमीला सकाळी तयार राहा," मी म्हणालो आणि फोन ठेवला. लई ऐटीत ठेवला.

पंचमीला सकाळी निघालो. नवा मोठा रस्ता झालाय, पण मी जुन्याच रस्त्यानं जातो, दौलताबादवरून. किल्ला मागं टाकला की खुलताबादकडं चढ सुरू होतो. सपाटीवर गाडी नीट चालली होती. चढाला लागली आणि तिचा जीवच गेला. रेस दाबतोय, इंजिन हूं म्हणतंय, पण गाडी ओढत नाही. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आलो, दुसऱ्यावरून पहिल्यावर. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. मग समोरच्या काट्यांजवळ एक पिवळा दिवा लागला, इंजिनाच्या चित्राचा. रस्त्याच्या कडेनं एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चढत होती. ती आणि मी बराच वेळ बरोबरीनं होतो. तिनं एकदा खिडकीतून माझ्याकडं बघितलं. मी समोर बघत राहिलो. शेवटी ती पुढं गेली.

कडेला थांबलो. बॉनेट उघडलं, आत बघितलं, बंद केलं. आत काय बघायचं ते मला ठाऊक नव्हतं, पण रस्त्यावर लोक बघत असले की ड्रायव्हरला बॉनेट उघडावंच लागतं. गाडी बंद करून पुन्हा चालू केली तर पिवळा दिवा गेला आणि गाडी चांगली ओढायला लागली. मी खूश. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. असं दोनतीनदा झाल्यावर माझा धीर सुटला. पुढं पिशोरचा घाट आहे, तिथं मेव्हणीला गाडीत बसवून अशी थांबली तर काय करायचं? मी गाडी वळवली. उतारावर ती अशी सुसाट आली, जसं काही झालंच नव्हतं.

घरी येऊन फोन केला. "गाडी चढली नाही," मी म्हणालो.

मग ती म्हणाली, "तुमच्या हाताखाली?"

"व्हय. खरंच चढली नाही."

"गाडी चढली नाय का मन चढलं नाय, दाजी?"

"अगं खरंच..."

"राहू द्या. ताई होती तोवर माहेर होतं. मी समजून घेते."

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडण मला कळतं, त्याला उत्तर देता येतं. समजून घेते म्हटल्यावर काय बोलायचं? पंगतीतलं माझं वाक्य तिनं जन्मभर खरं मानलं होतं, त्यामुळं आज मी खरं बोललो ते तिला खोटं वाटलं. बढाई मारायची ही अशी फळं.

आता पुढची आशा म्हणजे नवमी. पितृपंधरवड्यात एक नवमी असते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालायचं, तिची ओटी भरायची. अहेव नवमी म्हणतात. पहिल्या वर्षात ती करत नाहीत, म्हणून बायकोची ही पहिलीच नवमी, आणि सवाष्ण कोण याचा विचार करायची गरज नव्हती. तिची सख्खी बहीण. ती त्या दिवशी आमच्या पाटावर बसली तर माहेर आहे, नाही बसली तर ते संपलं. तिच्या मनातही आणि लोकांतही. मग मी कोण तिचा? मेलेल्या बहिणीचा नवरा. असं नातं फक्त पत्रिकेवर नाव घालायला उरतं.

पोरगा पुण्याला असतो. त्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, मी इथून कॅब बुक करतो. मावशीला दारातून घेईल, दारात सोडील."

"मुराळी म्हणून कॅबवाला जाणार का? त्यानं दारात उभं राहून काय म्हणायचं, चला माहेरी?"

"मग गाडी दाखवा कोणाला तरी."

"मला दाखवायची गरज नाही. मी बघतो."

आणि मी बघायला लागलो. हा जो पुढचा काळ गेला त्याची मला आता लाज वाटते, पण हसूही येतं.

पहिला संशय डिझेलवर. पंपवाला भेसळ करतो असं मी गल्लीत सांगत फिरलो, टाकी रिकामी होईपर्यंत गाडी फिरवली, दुसऱ्या पंपावर भरली. फरक शून्य. त्या बिचाऱ्या पंपवाल्याला आता मी लांबूनच नमस्कार करतो. मग एअर फिल्टर काढून ओट्याच्या कडेवर आपटला. धूळ निघाली, शेजारच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या साड्यांवर बसली. "भाऊजी, तुमच्या गाडीचा दम निघाला तो आमच्या साड्यांत शिरला," असं त्या म्हणाल्या. मग डिझेल फिल्टर बदलला. मग वाटलं ब्रेक धरून राहत असतील, म्हणून गाडी चालवून आणायची आणि चारी चाकांना हात लावून बघायचं, कोणतं जास्त तापलंय. गल्लीतल्या लोकांना वाटलं म्हातारा गाडीच्या पाया पडतोय. कोणी काही बोललं नाही. बायको गेलेल्या माणसाला लोक लई गोष्टी माफ करतात.

मग वाटलं वजन जास्त झालं असेल. डिक्की रिकामी करायला घेतली. चटई निघाली, पाण्याचा कॅन निघाला, तिची छत्री निघाली. आणि एक दगड निघाला, बऱ्यापैकी मोठा, चपटा. तो तिचा. माझ्या हँडब्रेकवर तिचा विश्वास नव्हता. चढावर कुठं गाडी लावली की ती आधी उतरायची, दगड चाकामागं ठेवायची आणि मगच मला उतरू द्यायची. मी म्हणायचो, "सरकारनं मला लायसन दिलंय." ती म्हणायची, "सरकार गाडीत बसत नाय." मी तो दगड हातात घेऊन बराच वेळ तिथंच उभा होतो. मग परत डिक्कीत ठेवला. चटई आणि कॅन काढले. त्यानं गाडी काय चढणार होती?

शेवटी हर्सूलच्या रस्त्यावर एक मिस्त्री आहे त्याच्याकडं गेलो. हा माणूस माझ्यापेक्षा जास्त बोलतो. त्यानं बॉनेट उघडलं आणि आधी माझ्याकडं बघितलं.

"चाचा, ये सब किन्ने खोला?"

"मीच."

"तो फिर मेरे पास कायकू आए? खोलेच थे तो पूरा खोलते."

मी त्याला सांगितलं की मी जन्मभर गाड्या चालवल्यात. तो म्हणाला की तो जन्मभर चालवणाऱ्यांनी बिघडवलेल्या दुरुस्त करतोय. तिथून आमचं जमलं.

त्यानं आधी रबराचा एक जाड पाइप दाखवला, हवा इंजिनात नेणारा. त्याला चीर गेली होती. "ये देखो, हवा यहाँ से भाग रई. काम तमाम." नवा पाइप बसवला, क्लिप आवळली. आम्ही हर्सूलच्या तळ्यापर्यंत चक्कर मारली, गाडी पळाली. मी त्याला शाबासकी दिली, त्यानं स्वतःला माझ्यापेक्षा जास्त दिली. दुसऱ्या दिवशी मी एकटाच दौलताबादच्या चढाला लागलो. अर्ध्यात पिवळा दिवा. या वेळी भारा घेतलेली बाई नव्हती, एवढंच नशीब.

परत आलो तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. मला बरं वाटलं, एकटाच मूर्ख नव्हतो. मग त्यानं गाडीला यंत्र लावलं, पडद्यावर काहीतरी वाचलं आणि म्हणाला, टर्बोचं प्रेशर बनत नाही, टर्बो गेला, नवा टाका.

"गेला म्हणजे? डोळ्यानं दाखव," मी म्हणालो. "माझ्या बायकोला डॉक्टरांनी कागदावर बघूनच सांगितलं होतं. मी इथं तरी डोळ्यानं बघणार."

त्यानं हात पुसले, म्हणाला, "आओ चाचा, दिखाता."

टर्बो म्हणजे काय हे मला तोवर धड ठाऊक नव्हतं. माझ्या जीपला तो नव्हता. त्यानं सांगितलं ते असं : इंजिनाचा धूर बाहेर जाताना एक पंखा फिरवतो, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हवा जास्त, तर डिझेल जास्त जळतं, ताकद जास्त. धुराच्या पंख्याभोवती बारीक पात्यांची एक कडी असते. पाती मिटली की वाट अरुंद होते आणि धूर जोरात पंख्यावर बसतो, उघडली की सैल. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते, तसं. ही पाती हलवायला बाहेर एक पत्र्याची डबी आणि तिला जोडलेली सळई असते. डबीतली हवा ओढली की सळई सरकते.

"सळई पे नजर रखो," म्हणून तो आत बसला आणि गाडी चालू केली. सळई निघाली, अर्ध्यात अडकली, थरथरली आणि एकदम झटका देऊन पुढं गेली. त्यानं गाडी बंद केली. सळई परत येताना पुन्हा अर्ध्यात थांबली.

"अडकते," मी ओरडलो. मला लई आनंद झाला. महिनाभर ज्याला शोधत होतो तो चोर समोर उभा होता.

तरी त्यानं घाई केली नाही, हे सांगायला पाहिजे. एकदा तोंडघशी पडला होता ना. कदाचित डबीच फाटलेली असेल म्हणून त्यानं हातपंपानं डबीतली हवा ओढली आणि पंपावरचा काटा बघत बसला. काटा पडला नाही. म्हणजे डबी धडधाकट. मग सळई सोडवली आणि पात्यांचा दांडा माझ्या हातात दिला. "हिलाव." मी हलवला. सुरुवातीला मऊ गेला आणि मधेच कुरकुरून धरला. जुन्या लाकडी खिडकीची पावसाळ्यात फुगलेली फळी असते, तशी.

"अंदर काजल जमा," मिस्त्री म्हणाला. "पाती अटकी तो प्रेशर बिगड़ता. गाडी का कंप्यूटर घबराता और ताकत काट देता. बंद करके चालू करे तो भूल जाता. चढ़ाई पे फिर अटकी, फिर घबराया."

म्हणून ती बंद करून चालू केली की वळणभर ओढायची. सगळं जुळलं. मी त्याला म्हणालो, टर्बो नवा नको, हा उघड, साफ कर, हलला तर ठीक. त्यानं आढेवेढे घेतले, पण उघडला. आतली कडी बघितली आणि मला आमच्या गावाकडच्या स्वयंपाकघराचं धुराडं आठवलं. काळंकुट्ट. त्यानं ती औषधात भिजवली, ब्रशनं घासली, पुन्हा भिजवली. संध्याकाळी दांडा एका बोटानं इकडून तिकडं जायला लागला. मी तो उगीचच लई वेळा हलवला. "बस करो चाचा, घिस जाएंगा," तो म्हणाला.

मग त्यानं खरा प्रश्न विचारला. एवढी काजळी आलीच कशी? "चलो, तुम चलाव. मैं देखता."

मी स्टेअरिंगवर बसलो. मनात म्हटलं, आता याला दाखवतो. हर्सूलच्या रस्त्यानं मऊ क्लच, मऊ ब्रेक, एक धक्का बसू दिला नाही. साहेब लोक माझ्या गाडीत चहा प्यायचे. मिस्त्री काट्याकडं बघत होता.

"कौनसा गेर है?"

"टॉप."

"इत्ते स्पीड में टॉप? चाचा, वो सायकलवाला अपने को देख के हँस रा."

"यात डिझेल वाचतं. जन्मभर असंच चालवलं."

"वो जीप थी. ये बेचारी नींद में चल रई. धुआँ ठंडा, पंखा ठंडा, काजल जम रई. रोज कित्ता चलाते?"

मी सांगितलं. सांगितलं म्हणजे अर्धं सांगितलं. बायको शेजारी बसायची आणि काटा चाळिसाच्या पुढं गेला की खाकरायची. तेवढ्यानं माझा पाय आपोआप उचलायचा. ती गेल्यावर खाकरणारं कोणी नाही, पण पाय तसाच उचलतो. आणि संध्याकाळी घरात बसवत नाही म्हणून मी रोज गाडी काढायचो, हर्सूलच्या तळ्यापर्यंत जायचं, जेलची भिंत संपली की वळायचं, परत यायचं. सावकाश. लवकर घरी पोचून करायचं काय होतं? कुकर लावायचा आणि एकट्यानं खायचं. जितका वेळ रस्त्यात जाईल तितकं बरं. वर्षभर त्या गाडीला मी असं मुडद्यासारखं फिरवलं होतं.

हे मी मिस्त्रीला नाही सांगितलं. एवढंच म्हणालो, "तळ्यापर्यंत. सावकाश."

त्यानं खिडकीतून थुंकून घेतलं. "हफ्ते में एक बार धुले रोड पे जाव. तीसरे गेर में रखो, काटा ऊपर, एक पान खतम होने तक. गाडी चिल्लाएंगी. चिल्लाने दो. तुम मत चिल्लाव."

दुसऱ्या दिवशी मी धुळे रोडला गेलो. तिसऱ्या गिअरमधे रेस दाबली तर इंजिन असं किंचाळलं की मी खिडकीची काच वर केली. इतकी वर्षं इंजिनाला आवाज करू दिला नाही, त्याचीच सगळीकडं बढाई मारली, आणि आता मुद्दाम ओरडायला लावतोय. मागं आरशात काळा धूर. एक ट्रकवाला मला ओव्हरटेक करताना हात दाखवून गेला. काय म्हणायचं होतं त्याला कोण जाणे. पान संपलं तेव्हा मी पाय उचलला.

नवमीला पहाटे पोरगा आणि सूनबाई पुण्याहून आले. सूनबाईनं स्वयंपाकाला सुरुवात केली, मी निघालो. मेव्हणीला फोन केला नाही. फोनवर तिनं नाही म्हटलं असतं तर काय, ही भीती होती. दौलताबादच्या चढाला लागलो, तिसरा टाकला, रेस दाबली. कठड्यावरची माकडं पळाली. गाडी ओढत होती. वरपर्यंत ओढली. पुढं पिशोरच्या घाटातही पिवळा दिवा लागला नाही. एकट्यानं गाडीत मी काय काय बोललो ते लिहीत नाही.

मेव्हणी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. अंगावर घरची साडी. मला बघितलं, शेंगा फोडत राहिली.

"चढली का?" ती म्हणाली.

"चढली."

"आज नवमी हाय म्हणून आलात."

"नवमी आहे म्हणूनच आलो. कुंकू लाव, नवी साडी नेस, चल. तुझी ताई वाट बघतेय असं म्हणणार होतो, पण तसलं मला बोलता येत नाही."

आतून साडू बाहेर आला. "घेऊन जा बाबा," तो म्हणाला. "पंचमीपासून माझं डोकं खाल्लं हिनं. दाजींचा राग नवऱ्यावर काढते."

तिनं त्याच्याकडं एक नजर टाकली आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा साडी बदललेली होती. तिची पिशवी आधीच भरलेली होती, हे मी बघितलं पण बोललो नाही.

परतीला घाटात मक्याचा ट्रॅक्टर पुढं आला, दोन ट्रॉल्या जोडलेला. त्याच्या मागं रांगत राहिलो तर दुपार झाली असती, आणि नैवेद्य दुपारच्या आत दाखवायचा असतो. मी तिसरा टाकला आणि रेस दाबली. इंजिन किंचाळलं. मेव्हणीनं दोन्ही हातांनी समोरची कड धरली.

"दाजी! मलाबी ताईकडं पोचवता का आजच?"

"मिस्त्रीनं सांगितलंय असंच चालवायचं."

"मिस्त्रीला घाला गाडीत मग!" ट्रॅक्टर मागं पडला. तिनं मान वळवून बघितलं. "मागं काय जाळलं? सगळा घाट काळा केला."

"काजळी. आतली निघतेय."

मग मी तिला सगळं सांगितलं. पाती, डबी, सळई, हातपंप. माझ्या मते लई छान सांगितलं. ती ऐकत होती. खुलताबाद गेलं, उतार आला, तरी मी सांगतच होतो. शेवटी ती म्हणाली, "दाजी, एक इचारू?"

"विचार."

"पंचमीला एसटी बंद होती का?"

खरं सांगतो, पंचमीपासून नवमीपर्यंत मी डिझेल बघितलं, फिल्टर बघितला, ब्रेक बघितले, वजन बघितलं, टर्बो उघडून बघितला. पण मध्यवर्ती बसस्थानकावर जाऊन गाडीत बसावं, पिशोरला उतरावं आणि तिला घेऊन यावं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. ड्रायव्हर माणूस दुसऱ्याच्या गाडीत बसून मुराळी जातो, हे कसं सुचणार? गाडी चढली नाही म्हणजे मला जाता येत नाही, असंच मी धरून चाललो. आणि ती दारात बसून राहिली.

"नव्हती बंद," मी म्हणालो.

"मला वाटलंच." ती खिडकीबाहेर बघायला लागली. "म्हणूनच मला वाटलं की मन चढलं नाय. गाडीचं खोटं नव्हतं वाटलं. पर यायला गाडीच लागती असं कुठं लिवलंय?"

घरी पोचलो तेव्हा पोरगा गच्चीवर ताट घेऊन कावळ्याची वाट बघत उभा होता. सूनबाईनं पाट मांडला, रांगोळी काढली, मेव्हणीला हळदीकुंकू लावलं, ओटी भरली. बहिणीच्या फोटोकडं मेव्हणीनं एकदाच बघितलं. मग ताटाकडं बघितलं, आणि घास उचलायच्या आधी मला म्हणाली, "दिवाळीला?"

"येतो."

"गाडी चढली नाय तर?"

"तर एसटीनं येतो."

"एसटी नसली तर?"

"अगं जेव आता. सगळं गार होतंय."

ती जेवली. आमटी खारट झाली असं सूनबाईला सांगितलं, तेही पाटावरून, आणि पुन्हा वाढून घेतली. सूनबाई हसायला लागली. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो, आत बसवेना.

दिवाळीला मी मुद्दाम एसटीनं गेलो. गाडी ठणठणीत होती, धुळे रोडला नेऊन पान खाऊन आणलीच होती. तरी एसटीनं गेलो. म्हटलं, तिला दाखवायचं. पिशोरला उतरून तिच्या दारात गेलो तर ती माझ्या मागं बघायला लागली.

"गाडी कुठाय?"

"एसटीनं आलो."

"एसटीनं?" तिनं कपाळावर हात मारला. ओसरीवर ज्वारीचं पोतं, मक्याचं पोतं, तुपाची बरणी, एक भोपळा, सगळं गाडीच्या हिशोबानं बांधून ठेवलेलं. "आता हे काय डोक्यावर घेऊन जाता का? तुम्हाला अक्कल कधी येणार, दाजी?"

साडूनं पोती स्टँडवर आणून दिली आणि हसत हसत निघून गेला. एसटीत ज्वारी माझ्या पायांत, मका तिच्या पायांत, भोपळा माझ्या मांडीवर. ड्रायव्हर क्लच अर्धा दाबून गिअर टाकत होता, माझे दात शिवशिवत होते. मी एकदा "अरे" म्हणालो तर मेव्हणीनं कोपर मारलं.

कंडक्टर पोत्यांवरून पाय टाकत आला. "मावशी, एवढा बाजार? कुठं निघालात?"

"माहेरी," ती म्हणाली. "हे न्यायला आलेत."

त्यानं भोपळ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तिकिटं फाडली.